जंजिरा पाऊण तासात उरकू नका: सातारा जिल्ह्यातल्या शाळांना खुलं पत्र

प्रति,
सातारा जिल्ह्यातील माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक, इतिहासाचे शिक्षक आणि सहलप्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली की आपल्याकडे सहलीची गडबड सुरू होते. पालकांची संमतिपत्रं, एसटीचं सवलतीचं आरक्षण, वर्गणी, कुठल्या तुकडीबरोबर कोण जाणार याच्या याद्या. ठिकाणांची यादी मात्र वर्षानुवर्षं तीच असते आणि त्यात मुरूड-जंजिरा असतोच. तो असावाच. माझी सगळी नोकरी इतिहास शिकवण्यात गेली. साताऱ्याच्या मुलांनी आवर्जून पाहावीत अशी समुद्रकाठची गावं काढली, तर मुरूडचं नाव मी सगळ्यात वर लिहीन. म्हणूनच हे पत्र लिहिते आहे. आपण मुलांना तिथे नेतो, पण जंजिरा दाखवत नाही.

आपली सहल कशी होते ते आपण सगळेच जाणतो. पहाटे निघालेली बस दुपारी राजपुरीला पोचते. मुलं धक्क्यावर तासभर रांगेत उभी राहतात. शिडाच्या होडीत बसतात, किल्ल्यात उतरतात, वाटाड्यामागे धावतात, कलालबांगडी तोफेला हात लावून फोटो काढतात आणि पाऊण तासात परत होडीत. मग मुरूडच्या वाळूत धुडगूस, रात्री अलिबागकडे कूच, दुसऱ्या दिवशी आणखी चार ठिकाणं. परत आल्यावर निबंध लिहायला सांगितला की पन्नास वह्यांत एकच वाक्य सापडतं: 'जंजिरा हा अजिंक्य किल्ला आहे, तो कोणालाही जिंकता आला नाही.' का आला नाही, हे एकाही वहीत नसतं.

एका सहलीत दरवाजातून बाहेर पडताना नववीतल्या एका मुलाने मला विचारलं, "बाई, मग आपण हरलो का?" तो खरंच अस्वस्थ झाला होता. मागची मुलं 'जय भवानी'च्या घोषणा देत होती आणि हा मात्र तटाकडे बघत उभा. त्याचा प्रश्न साधा होता आणि नेमका होता. त्याचं उत्तर द्यायला पाऊण तास पुरत नाही आणि नुसता जंजिरा बघूनही ते मिळत नाही. त्या उत्तराचा मोठा भाग आपल्या साताऱ्यात आहे.

सुरुवात किल्ल्यापासूनच करू. राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी समुद्रात एक खडकाळ बेट. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या कोळ्यांनी, त्यांच्या राम पाटलाच्या पुढाकाराने, लुटारूंपासून बचावासाठी त्यावर लाकडी मेढेकोट उभा केला. तो अहमदनगरच्या निजामशाहीच्या डोळ्यावर आला. पिरमखान नावाच्या सरदाराने व्यापारी असल्याची बतावणी केली, कोळ्यांना दारू पाजली आणि माल म्हणून आणलेल्या पिंपांतून माणसं बाहेर काढून कोट घेतला, अशी कथा सांगतात. आजचा दगडी कोट सोळाव्या शतकातला. म्हणजे ज्या किल्ल्याची आपण सिद्दीचा किल्ला म्हणून ओळख करून देतो, त्याचे पहिले धनी इथले कोळी होते. होडीत सुकाणू धरून बसलेला माणूस बऱ्याचदा कोळीच असतो. मुलांना हे होडीतच सांगा, त्याच्यासमोर सांगा. त्याच्याकडे त्यांची बघण्याची नजर बदलेल.

सिद्दी म्हणजे हबशी. आफ्रिकेच्या पूर्व भागातून, मुख्यतः अबिसिनियातून म्हणजे आजच्या इथिओपियातून, गुलाम म्हणून, शिपाई म्हणून, खलाशी म्हणून इकडे आलेले लोक. दख्खनच्या सुलतानांकडे ते पराक्रमावर मोठे झाले. मरेपर्यंत निजामशाही तोलून धरणारा मलिक अंबर त्यांच्यातलाच, हे नाव आपल्या मुलांना माहीत असतं. जंजिऱ्याच्या सिद्दींनी बेटाच्या जोरावर आधी निजामशाहीची, मग विजापूरची, मग मोगलांची चाकरी केली आणि प्रत्येक वेळी बेट स्वतःच्याच हातात ठेवलं. त्यांच्याकडे गादी बापाकडून मुलाकडेच जाईल असा बराच काळ नियम नव्हता. सरदारांपैकी जो जाणता आणि जबर तो प्रमुख होई. स्वराज्याच्या प्रजेला त्यांनी फार छळलं, गावं जाळली, माणसं धरून नेली, हेही तितकंच खरं. मुलांना दोन्ही सांगायला हवं. शत्रू शूर होता आणि हुशार होता हे कबूल केल्याने आपल्या माणसांचा पराक्रम उणा होत नाही. उलट त्यांच्यापुढे काय ठाकलं होतं ते मुलांना कळतं.

किल्ला मुळात भिडतो तो होडी जवळ आल्यावर. राजपुरीहून निघताना समोर नुसता अखंड तट दिसतो, दरवाजा कुठे आहे ते उमगतच नाही. होडी अगदी जवळ जाते आणि दोन बुरुजांच्या बगलेत दरवाजा उघडतो. तोवर आपण तटावरच्या बंदुकीच्या आणि तोफेच्या पुऱ्या टप्प्यात आलेलो असतो. तट पाण्यातून जवळजवळ ४० फूट सरळ वर चढलेला. पायथ्याला पाय टेकायला वाळूची पट्टी नाही, खडकाचा कठडाही नाही. डोंगरी किल्ल्याला माची असते, खाली झाडी असते, रात्रीत वर सरकायला घळ असते. आपल्या मावळ्यांनी किल्ले घेतले ते अशाच घळींतून. इथे शिडी लावायची तर ती हेलकावणाऱ्या होडीत उभी करायची. मुलांना होडीतच थांबवून विचारा, या तटाला शिडी कशी लावाल? उत्तर शोधताना त्यांना कोळ्यांचा म्होरक्या लाय पाटील भेटेल, त्याची गोष्ट पुढे येतेच.

दरवाजाच्या भिंतीवर एक शिल्प आहे. वाघासारखं एक जनावर, त्याच्या पंज्यांत हत्ती, तोंडात हत्ती, शेपटीच्या वेढ्यात हत्ती. वाटाडे ते दाखवतात आणि पुढे पळतात. तिथे पाच मिनिटं थांबा. शेजारच्या मोठ्या सत्तांना दरवाजातच वाचायला दिलेलं ते उत्तर आहे. आत गेल्यावर सुमारे २२ एकरांचं बेट, १९ बुरूज, पडक्या मोहल्ल्यांच्या भिंती, सिद्दी सुरूलखानाच्या वाड्याचे उभे सांगाडे. आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना मधोमध गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव. तोफेपेक्षा या तलावांपाशी जास्त वेळ द्या. वेढा घालणारा बाहेरून अन्न तोडू शकतो, पण आत पाणी असेल तर किल्ला तग धरतो. पश्चिमेच्या अंगाला समुद्राकडे उघडणारा चोरदरवाजा आहे, तोही दाखवा. पुढून वेढा पडला तरी मागून गलबतं येत-जात राहत. सुरतेच्या महसुलातून पैसा येई, मुंबईकर इंग्रजांच्या बंदरात पावसाळ्यात आसरा मिळे. वेढा कधी पुरा झालाच नाही, कारण समुद्राची बाजू बंद करणारं आरमार एकाच वेळी, पुरेसं आणि पुरेसा काळ तिथे उभं राहू शकलं नाही.

शिवाजी महाराजांनी हे ओळखलं होतं. मोहिमा १६५७ पासून सुरू झाल्या. १६७० च्या सुमारास जंजिऱ्याचा सिद्दी प्रमुख फत्तेखान तर किल्ला महाराजांच्या हवाली करायला तयार झाला होता. पण सिद्दी संबूळ, सिद्दी कासीम आणि सिद्दी खैर्यत या तिघांनी त्याला कैद केलं आणि मोगलांचं छत्र धरलं. पुढच्याच वर्षी होळीच्या रात्री सिद्दी कासीमने काठावरची दंडा-राजपुरी आपल्याकडून परत घेतली. महाराजांनी मग जंजिऱ्यासमोरच, मुरूडच्या समुद्रात कांसा बेटावर पद्मदुर्ग बांधायला घेतला. जानेवारी १६७५ मधलं त्यांचं एक पत्र आहे, प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला लिहिलेलं. पद्मदुर्ग वसवून राजपुरीच्या उरावर दुसरी राजपुरी केली, त्याला रसद पोचवायची तर तुम्ही ती वेळेवर पाठवत नाही, आरमार खोळंबून पडतं, अशी त्यात झणझणीत कानउघाडणी आहे. हबशाने तुम्हाला काही देऊन आपलंसं केलं की काय, असा संशयही महाराज बोलून दाखवतात आणि ब्राह्मण म्हणून कोणी मुलाहिजा करणार नाही हेही बजावतात. हे पत्र वर्गात वाचून दाखवा. लढाई तलवारीबरोबर धान्याच्या पोत्यांवर आणि पोचत्या रकमेवर लढली जाते, हे त्या एका पत्रातून जितकं समजतं तितकं दहा धड्यांतून समजत नाही.

पद्मदुर्गाच्या तटाचे दगड लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने खात आत गेले आहेत, पण दोन दगडांमधला चुना जागच्या जागी उभा आहे. मधमाशांच्या पोळ्यासारखी भिंत दिसते. आपण घर बांधतो तेव्हा सांधा आधी झिजतो आणि दगड राहतो, इथे दगड झिजला आणि सांधा राहिला. तो चुना घोटणाऱ्या माणसांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. त्याच किल्ल्याला कमळाच्या पाकळ्यांच्या आकाराचा बुरूज आहे. पद्मदुर्गाला होड्या नेहमी जात नाहीत, समुद्र शांत असावा लागतो आणि आधी चौकशी करावी लागते. जाता आलं नाही तरी मुरूडच्या किनाऱ्यावर सगळ्या मुलांना उभं करून तो नुसता बोटाने दाखवा आणि जंजिरा कुठल्या बाजूला आहे हे त्यांनाच ओळखायला लावा.

याच पद्मदुर्गावरचा लाय पाटील. १६७६ मध्ये मोरोपंत पिंगळे जंजिऱ्यावर आले तेव्हा लाय पाटलाने रात्रीच्या अंधारात आपल्या कोळ्यांना घेऊन, सिद्दीच्या तटाला शिड्या लावल्या. ठरल्याप्रमाणे मोरोपंतांची माणसं पोचायची होती, ती पोचली नाहीत. उजाडायला आलं तेव्हा शिड्या काढून त्याला मागे फिरावं लागलं. महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. दर्यात फिरणाऱ्याला पालखी कशाला, असं म्हणून त्याने ती नम्रपणे नाकारली. तेव्हा महाराजांनी एक गलबत बांधून घेतलं, त्याचं नाव 'पालखी' ठेवलं आणि ते त्याला दिलं, सरपाटीलकीही दिली. जंजिऱ्याच्या तटाला शिडी लागली होती. मुलांच्या निबंधात हे वाक्य यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

संभाजी महाराजांच्या काळात कोंडाजी फर्जंद फितुरीचं सोंग घेऊन आत शिरले, पण बेत फुटला आणि त्यांना प्राणांना मुकावं लागलं. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी काठापासून बेटापर्यंत दगड आणि लाकडं टाकून समुद्रात सेतू बांधायला घेतला. तेवढ्यात मोगलांची फौज कल्याणच्या बाजूला उतरली आणि त्यांना रायगडाकडे परतावं लागलं. हा भाग आपण बहुतेकजण सांगतो. त्यापुढचं मात्र कोणी सांगत नाही, आणि तिथेच आपला सातारा येतो.

आपल्या शहराजवळ धावडशी आहे. ब्रह्मेंद्रस्वामींची समाधी तिथे आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पण हे स्वामी धावडशीला का आले? ते चिपळूणजवळच्या परशुरामला राहत. सिद्दी, आंग्रे, छत्रपती शाहू, पेशवे, सगळ्या दरबारांत त्यांचा शब्द चाले. सावनूरच्या नवाबाकडून आलेल्या एका हत्तीवरून सिद्दी आणि आंग्रे यांच्यात कलागत झाली, अंजनवेलच्या सिद्दी साताने स्वामींवर संशय घेतला आणि १७२७ मध्ये महाशिवरात्रीच्या सुमारास परशुरामाचं देवस्थान उद्ध्वस्त केलं. स्वामी घाटावर आले. शाहू महाराजांनी त्यांना धावडशी दिली. तिथून त्यांनी छत्रपतींना, पेशव्यांना, आंग्र्यांना एकसारखी पत्रं लिहून सिद्दीचा बंदोबस्त करा असा तगादा लावला. जंजिऱ्यावरच्या १७३३ च्या मोहिमेमागे हा तगादा होता. धावडशीची एक सकाळ आणि राजपुरीची एक दुपार जोडली की मुलांना अठरावं शतक हातात सापडतं.

ती मोहीम साताऱ्यातून निघाली. सिद्दी रसूल याकूतखान वारला होता, गादीसाठी सिद्दींमध्ये भांडण लागलं होतं, त्यांच्यातला एक, अब्दुल रहमान, मराठ्यांना येऊन मिळाला होता. इतकी चांगली संधी पूर्वी कधी आली नव्हती. बाजीराव पेशवे मे महिन्यात अचानक राजपुरीवर उतरले, राजपुरी आणि खोकरी घेतली, सिद्दीची कितीतरी गलबतं निकामी केली. समुद्राकडून सेखोजी आंग्रे यायचे होते. दुसरीकडून श्रीपतराव प्रतिनिधी आले, आपल्या औंधच्या पंतप्रतिनिधी घराण्यातले. प्रतिनिधींनी ८ जून १७३३ ला रायगड घेतला. चव्वेचाळीस वर्षं परक्यांकडे असलेली स्वराज्याची राजधानी परत आली, केवढी मोठी गोष्ट! पण पेशवे आणि प्रतिनिधी यांच्यात श्रेयावरून बेबनाव होता आणि तो मोहिमेतही सुटला नाही. पावसाळा डोक्यावर आला. इंग्रजांनी सिद्दीला मदत केली. ऑगस्टमध्ये सेखोजी आंग्रे वारले आणि त्यांच्या भावांत तंटा सुरू झाला. डिसेंबरपर्यंत बाजीराव साताऱ्याला परतले. जंजिरा, अंजनवेल, गोवळकोट सिद्दीकडेच राहिले. १७३६ मध्ये रेवसजवळच्या लढाईत चिमाजीअप्पांनी सिद्दी साताला मारलं आणि सिद्दीची कंबर खचली, पण बेट बेटच राहिलं.

"आपण हरलो का?" या प्रश्नाला मी त्या मुलाला दिलेलं उत्तर असं होतं: रायगड घेतला त्याच वर्षी जंजिराही घेता आला असता. एका दरबारातले दोन मोठे सरदार एका ठिकाणी उभे राहिले नाहीत, म्हणून तो राहिला. तो दरबार साताऱ्यात होता. तुम्ही शाळेत जाता-येता जिथून चालता, तिथे हा निर्णय झाला आणि तिथेच तो बिघडला. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "म्हणजे तटामुळे नाही." मी म्हटलं, तटामुळेही, पण नुसत्या तटामुळे नाही.

हे सगळं सांगायचं तर सहल बदलावी लागेल. लांबचा फेरफटका आणि सात ठिकाणं हा हट्ट सोडा. दोन दिवस, एक मुक्काम मुरूडला, आणि फक्त त्या खाडीभोवतीचा प्रदेश.

रस्ताही बदला. महाबळेश्वरवरून आंबेनळी घाटाने पोलादपूर, महाड, माणगावकडे उतरा. आपल्या जिल्ह्याच्या बहुतेक नद्या पूर्वेला जातात. महाबळेश्वरला उगम पावून पश्चिमेला उतरणारी सावित्री मात्र घाटात आणि पोलादपुरापासून आपल्या सोबतीला असते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. घाटातच मुलांना ते दाखवा. पुढे इंदापूर, तळा करत मांदाडजवळ कुड्याची लेणी आहेत. राजपुरीच्याच खाडीच्या आतल्या टोकाला, डोंगरात, २६ बौद्ध लेणी. मांदाड हे जुनं बंदर. देणाऱ्यांचे शिलालेख भिंतींवर आहेत: कुठे माळी, कुठे वैद्य, आणि एका लेण्यावर करहाकडचा, म्हणजे आपल्या कराडचा, लोखंडाचा व्यापारी महिक. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी कराडचा माणूस लोखंड घेऊन घाट उतरून या खाडीवर येत होता आणि त्याची इतकी बरकत होती की त्याने डोंगरात लेणं कोरवून दिलं. कराडच्या शाळांनी तरी हे लेणं चुकवू नये. खोलीच्या दारात उभं राहून आपल्या गावचं नाव ऐकताना मुलांच्या चेहऱ्यावर काय उमटतं, ते शिक्षकांनी स्वतः पाहावं.

राजपुरीच्या अलीकडे खोकरीला सिद्दींचे तीन दगडी घुमट आहेत. सगळ्यात मोठा सुरूलखानाचा, बाकीचे दोन सिद्दी कासीम आणि सिद्दी खैर्यत या भावांचे. होळीच्या रात्रीचा तोच कासीम, पुढे याकूतखान झालेला, ज्याने १६८९ मध्ये मुंबईवर चालून जाऊन इंग्रजांना त्यांच्या किल्ल्यात वर्षभर कोंडून ठेवलं. तिथे सहसा कोणी नसतं, पाहायला अर्धा तास पुरतो. मुलांना तिथे घोषणा देऊ देऊ नका. राजपुरीत आजही कोळी आणि मुसलमान घरं शेजारी शेजारी आहेत, त्यांच्या होड्यांतूनच आपण किल्ल्यावर जातो. साताऱ्याची मुलं पाहुणी म्हणून जातात आणि त्यांनी पाहुण्यासारखं वागावं, ही जबाबदारी आपली.

मुरूड गावाबद्दल थोडक्यात. नवाबाचा वाडा रस्त्यावरून पाहावा, तो खाजगी आहे. १९४८ मध्ये जंजिरा संस्थान विलीन झालं, तोवर इथे सिद्दी नवाबच होते आणि थेट काठेवाडातलं जाफराबाद त्यांच्या अमलाखाली होतं, हे नकाशावर दाखवण्यासारखं आहे. कोटेश्वरीचं देऊळ, नारळ-सुपारीच्या वाड्या, वाळत घातलेले बोंबील. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या वाड्या अक्षरशः आडव्या केल्या. माड आणि पोफळ पुन्हा धरायला वर्षं जातात, हे आपल्या ऊसवाल्या घरांतल्या मुलांना लगेच पटेल. वेळ उरला तर फणसाडचं अभयारण्य आहे, एकेकाळी नवाबाचं शिकारीचं रान, आता शेकरू आणि पक्ष्यांसाठी राखलेलं.

आता पाण्याचं. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. आपली मुलं विहिरीत आणि कृष्णेत पोहायला शिकलेली असतात आणि त्यामुळेच समुद्राला भीत नाहीत. विहिरीचं पाणी जागचं हलत नाही, समुद्राची ओहोटी पायाखालची वाळू ओढत माणसाला आत नेते आणि पट्टीचा पोहणाराही तिच्यापुढे थकतो. सहलीची तारीख ठरवताना पंचांग पाहा. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते, दुपारी बाराच्या सुमारास पाणी पुरं चढतं आणि मग जोराने उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, चढ-उतार कमी. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. हे गणित मुलांकडून भूगोलाच्या तासाला करून घ्या आणि किनाऱ्यावर पोचल्यावर राजपुरीच्या कोळ्याला विचारून ताळा घ्या. पण मुरूडला एकाही मुलाने घोट्याच्या वर पाण्यात जायचं नाही, हा नियम संमतिपत्रावर लिहा आणि पाळा. होडीत चढताना दाटीवाटी होत असेल तर पुढच्या होडीची वाट पाहा. धक्क्यावर तास जास्त गेला तर जाऊ दे.

माझी विनंती एवढीच की यंदाचं सहलीचं पत्रक छापायला देण्याआधी इतिहास आणि भूगोल या दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी एकत्र बसून हा आराखडा पाहावा. सहलीच्या आधीच्या शनिवारी, सकाळच्या शाळेनंतर, मुलांना धावडशीला घेऊन जा, दुपारपर्यंत परत येता येतं. महाराजांचं पद्मदुर्गाबद्दलचं पत्र फळ्यावर लिहा. आणि परतल्यावर निबंधाचा विषय 'माझी सहल' ऐवजी 'जंजिरा घेता का आला नाही?' असा द्या. ज्या शाळांना सहलीपूर्वी कोणी येऊन मुलांशी दोन तास बोलावं असं वाटत असेल, तिथे नकाशे घेऊन यायला मी तयार आहे, मानधनाचा प्रश्न नाही. पालकसभा नोव्हेंबरातच घेतलीत तर दोन दिवसांच्या मुक्कामाला पालकांची परवानगी मिळवायला वेळ राहील.

आपली,
एक निवृत्त इतिहासशिक्षिका
सातारा